हातोडा शोधताना

१६ नोव्हेंबर १९९२. इंग्लंडमधल्या सफक परगण्यातलं हॉक्सन गाव. पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतात कुठंतरी पडला होता. माळीकामातून निवृत्त झालेला त्याचा मित्र एरिक लॉस मेटल डिटेक्टर घेऊन तो शोधायला आला. यंत्र वाजलं तिथं त्यानं उकरलं, तर मातीतून चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी वर येऊ लागली.

तिथंच दोघांनी हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा अलगद खोदली. सुमारे १५,००० रोमन नाणी निघाली. लाकडी पेटी केव्हाच कुजली होती. पण कड्या, बिजागऱ्या आणि वस्तू जागच्या जागी होत्या, म्हणून पेटी कशी भरली होती तेही कळलं. वाडगे एकात एक बसवलेले, मध्ये वाळलेलं गवत. सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी किती जपून ही बांधाबांध केली असेल! घाईनं उपसलं असतं, तर सोनं मिळालं असतं. त्या हातांची काळजी मात्र मातीमोल झाली असती.

सरकारनं साडेसतरा लाख पौंड बक्षीस दिलं. लॉसनं त्यात मित्राला वाटेकरी केलं. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्याच देशात २०१५ साली लेम्स्टरजवळ आणखी दोन मित्रांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यात इंग्लंडमधल्या दोन जुन्या राजांचं सख्य सांगणारी दुर्मीळ नाणी होती. दोघांनी तो दडवला, परस्पर विकायला काढला. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. बहुतेक नाणी आजही बेपत्ता आहेत.

यंत्र तेच, मैत्रीही तशीच. फरक पडला तो सापडल्यानंतरच्या पहिल्या घटकेत. चांगला मित्र लाभात भागीदार असतोच. पण मोहाच्या क्षणी ‘थांब’ म्हणणारा मित्र लाभणं हे खरं भाग्य.

आपल्याकडेही नांगरताना, पाया खणताना नाण्यांचा हंडा लागतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा आहेच, पण त्याआधी ज्यानं विश्वासानं ते मातीच्या हवाली केलं, त्याचं आपण देणं लागतो. उद्या तुमच्या कुदळीला असं काही लागलं, तर कुदळ बाजूला ठेवा आणि आधी कळवा.