सोपे जेवण म्हणजे कमी प्रेम?



स्वयंपाकाला श्रमाच्या मापाने मोजण्याची आपल्या घरांत जुनी सवय आहे. पाट्यावर वाटलेला मसाला, मंद आचेवर शिजलेले कालवण, हातावर थापलेल्या तांदळाच्या भाकरी हे सारे केले की तिने जेवणात जीव ओतला असे आपण म्हणतो. एखाद्या दिवशी काही झटपट ताटात आले, तर 'आज थोडक्यात आटोपलेलं दिसतंय' असा शेरा कुणीतरी मारतोच. शेरा साधा असतो, पण त्यामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. श्रम कमी झाले म्हणजे प्रेम कमी झाले का?

एक साधे उदाहरण घेऊ. आठवड्यातला मधला वार. घरातली बाई विरार लोकलच्या गर्दीतून वसई रोडला उतरते, तिथून बस पकडते. घरी पोहोचेपर्यंत आठ वाजायला येतात. फ्रीजमध्ये कोळणीने साफ करून दिलेल्या सुरमईचे तुकडे आहेत. कालवण करायचे तर नारळ खवा, वाटण वाटा. तळायची तर तव्यापुढे उभे राहा. पण नाताळच्या केकसाठी घेतलेला आणि वर्षभर कपड्याखाली झाकून ठेवलेला ओव्हन कोपऱ्यात आहेच की!

ओव्हन २०० अंशांवर तापत ठेवावा. इंचभर जाडीच्या तुकड्यांना मीठ, हळद, लिंबाचा रस, आले-लसूण आणि चमचाभर बॉटल मसाला चोळावा. ट्रेला तेलाचा हात लावून कांदा-टोमॅटोच्या चकत्या पसराव्यात, वर मासे ठेवून थोडे तेल सोडावे. १२ ते १५ मिनिटांत सुरमई तयार होते. काट्याने टोचल्यावर आतले मांस पांढरे दिसून पाकळ्यांसारखे सुटले की झाले. अख्खे मध्यम पापलेट असेल तर दोन्ही बाजूंना चिरा देऊन सुमारे २० मिनिटे ठेवावे. सोबत कुकरचा भात. हाताचे काम १० मिनिटांचे, बाकीचे ओव्हनचे.

आता सांगा, या ताटात प्रेम कमी आहे का?

आपल्या आजी-पणजींनी केलेले कष्ट खोटे नव्हते. त्यात माया होती हे आपण सारे जाणतो. पण त्या कष्टांत नाइलाजही होता. विहिरीवरून हंडे वाहणाऱ्या बाईच्या दारात नळ आला, तेव्हा तिचे मुलांवरचे प्रेम कमी झाले नाही, तिची कंबर तेवढी वाचली. श्रम हे प्रेम पोहोचवण्याचे एक वाहन आहे. वाहन बदलले म्हणून आतला माणूस बदलत नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात प्रभू येशूने स्वतः केलेल्या जेवणाचे वर्णन आहे. पुनरुत्थित प्रभू तिबिर्य समुद्राच्या काठी आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतत आहेत. प्रभूच्या शब्दावरून ते पुन्हा जाळे टाकतात आणि १५३ मोठे मासे मिळतात. किनाऱ्यावर निखारे फुललेले असतात, त्यावर मासे आणि सोबत भाकर. एवढेच जेवण! मृत्यूवर विजय मिळवलेल्या प्रभूने मेजवानी घातली नाही, दमलेल्यांना गरम घास दिला. शिवाय त्यांनी पकडलेल्या माशांतले काही आणायलाही सांगितले. म्हणजे त्या जेवणात सर्वांचा हात लागला.

पुढे काय घडले तेही लक्षात घ्यावे. जेवण झाल्यावर प्रभू पेत्राशी बोलला. याच पेत्राने प्रमुख याजकाच्या अंगणात, निखाऱ्यांपाशी शेकत उभे राहून, प्रभूला तीनदा नाकारले होते. आता दुसऱ्या निखाऱ्यांपाशी प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली. साध्या जेवणाने त्या अवघड संभाषणाला जागा करून दिली. आपल्या घरांतही न बोललेल्या गोष्टी कितीतरी साचलेल्या असतात. परीक्षेत नापास झालेला मुलगा, नोकरी सुटल्याचे मनातच ठेवणारा नवरा, अबोला धरलेली सासू-सून. आई नऊ वाजेपर्यंत गॅससमोर आणि नंतर भांड्यांसमोर उभी असेल, तर ही माणसे कुणाजवळ मन मोकळे करणार?

मग सोपे तेवढे चांगले, असे म्हणायचे का? तसेही नाही. सोपेपणाला दोन कसोट्या लावाव्या लागतात.

पहिली कसोटी : वाचलेला वेळ गेला कुठे? वाचलेला पाऊण तास मालिका आणि मोबाइल यांनी गिळला, तर फक्त कष्ट वाचले, घराला काही मिळाले नाही. १७ व्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स यांनी अनेक वर्षे स्वयंपाकघरात काम केले. त्या कामाची त्यांना मुळात आवड नव्हती, तरी भांड्यांच्या गलक्यातही त्यांनी देवाचे सान्निध्य अनुभवले. त्यांचे लक्ष देवाकडे होते, म्हणून ते साधले. जेवण सोपे असो की अवघड, आपले लक्ष कुणाकडे आहे हाच खरा प्रश्न आहे.

दुसरी कसोटी : आपला भार हलका झाला, तो कुणाच्या डोक्यावर गेला? आपले १० मिनिटांचे काम कोळणीच्या पहाटेच्या कष्टांवर उभे असते. तिने खवले काढली, तुकडे केले, म्हणून आपली संध्याकाळ सोपी झाली. तिच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालून घरी कृतज्ञतेची प्रार्थना म्हणणे शोभत नाही. घरातही तसेच. मार्था आणि मरिया यांच्या कथेवरून बायकांना उपदेश करणे सोपे आहे. मार्थेने सारे काम आपल्या एकटीवर पडल्याची तक्रार केली होती, हे मात्र आपण विसरतो. प्रभूने मार्थेला काळजी आणि दगदग यांविषयी समजावले. पण उपदेश करणाऱ्या पुरुषांनी आधी स्वतःला विचारावे : आपल्या घरातली मार्था प्रभूच्या पायाशी बसावी म्हणून मी कधी ट्रे हातात घेतला का? माशाला मीठ-मसाला चोळायला आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायला कुणाचीही ना नसावी. बारा-तेरा वर्षांची मुलेही मोठ्यांच्या देखरेखीखाली हे करू शकतात.

म्हणून एक विनंती. येत्या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवावी. त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी किंवा मुलांनी मासे ओव्हनमध्ये ठेवावेत. ते भाजले जात असताना सर्वांनी एकत्र बसून जपमाळेचे एक दशक म्हणावे, तेवढ्यासाठी पाच मिनिटे पुरतात. उरलेल्या वेळेत टीव्ही बंद ठेवून एकमेकांची विचारपूस करावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात जेवणाआधी आणि जेवणानंतर देवाचे आभार मानण्याची सुंदर प्रथा पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले होते. ती प्रार्थना म्हणताना ज्यांनी जाळे टाकले आणि ज्यांनी मासे साफ केले त्यांचीही आठवण ठेवावी.

घरच्या माणसांना जेवणाबरोबर आपला वेळही हवा असतो. साध्या ताटामुळे तो त्यांना देता आला, तर ते ताट प्रेमाने भरलेलेच आहे.