गरजवंताला शब्दाचे दान

वाचन : इफिसकरांस पत्र 4:25–32



आपल्या मराठी भाषेत बोलण्याविषयीचे शब्द गोळा करू लागलो तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. दुसऱ्याला दुखावणाऱ्या बोलण्यासाठी आपल्यापाशी नावांचा तुटवडा नाही. टोमणा, खोचक, खवचट, कुत्सित, कुजकट, उणेदुणे, उखाळ्यापाखाळ्या अशी ती यादी लांबतच जाते. खचलेल्या माणसाला उभे करणाऱ्या बोलण्यासाठी मात्र ‘धीर देणे’, ‘उत्तेजन देणे’, ‘पाठीवर हात ठेवणे’ असे मोजकेच प्रयोग हाती लागतात. आपण ज्याचा व्यवहार अधिक करतो त्याची नावे अधिक, असे तर नसेल?

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील एकोणतिसाव्या वचनापाशी थोडे थांबावेच लागते. आपल्या मुखातून कोणते बोलणे निघू नये हे सांगताना प्रेषित पौल ‘साप्रोस’ हा ग्रीक शब्द वापरतो. प्रभू येशूने वाईट झाडाची आणि जाळ्यात सापडलेल्या टाकाऊ माशांची उपमा दिली, तेथेही मत्तयाने हाच शब्द योजला आहे. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी ‘कुजके’ हा शब्द आला आहे, आणि तो किती नेमका बसला आहे! आढीत एक आंबा नासला म्हणजे शेजारचे आंबे आपोआप नासू लागतात. त्यासाठी कोणी वेगळे श्रम घ्यावे लागत नाहीत. जेवणाच्या पानावर बसून कोणाविषयी काढलेला एक कुजकट उद्गार असेच काम करतो. तो ज्याच्याविषयी काढला त्याला कदाचित कळतही नाही, पण तो ऐकणाऱ्या मुलांच्या मनात नासवण सुरू होते.

पौल केवळ निषेध करून थांबत नाही. येथे मूळ भाषेतील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. अठ्ठाविसाव्या वचनात तो म्हणतो की, चोरी करणाऱ्याने ती सोडून स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला देण्यासाठी त्याच्यापाशी काही असेल. लगेच पुढच्या वचनात बोलण्याचा विषय येतो, आणि तेथेही ‘गरज’ या अर्थाचा तोच ग्रीक शब्द, ‘ख्रेइया’, पुन्हा येतो. ही दोन वचने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. हातांच्या कमाईतून गरजवंताला भाकर द्यावयाची, तसाच मुखातून गरजवंताला शब्द द्यावयाचा. चांगले बोलणे म्हणजे शिष्टाचाराचा अलंकार असे पौलाला वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ते दान आहे, आणि दानाचे माप देणाऱ्याच्या हौसेवर न ठरता घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते. भुकेल्याला आपण अत्तर देत नाही. तसेच शोक करणाऱ्याला उपदेश, गोंधळलेल्याला कौतुक आणि हरलेल्याला तुलना देऊ नये.

असे दान कोठवर पोहोचते याचे एक उदाहरण आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात आहे. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. तो काळ आठवावा. राज्य गोऱ्यांचे होते, आणि धर्माविषयीच्या चर्चा बहुधा वादाच्या आखाड्यात होत. 1857 च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वाद प्रसिद्धच आहेत. अशा दिवसांत या अनोळखी प्रवाशाने टिळकांशी सौजन्याने संभाषण केले. संस्कृत काव्यावर गोष्टी झाल्या. टिळकांच्या विद्येचा त्याने मान राखला, मग ख्रिस्ताविषयी विचारले, आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. हे पुस्तक वाचाल तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना ते भाकीत मुळीच पटले नाही. पण दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना ते खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचे नाव मात्र त्यांना कधीच कळले नाही.

वाचकहो, टिळकांना ख्रिस्ताकडे नेले ते पवित्र आत्म्याने व देवाच्या वचनाने, याविषयी शंका नाही. तरी विचार करावा : तोच प्रवासी त्या दिवशी तुच्छतेने बोलला असता, तर टिळकांनी त्याच्या हातून पुस्तक घेतले असते काय? टिळकांना वादात जिंकणारा नको होता. त्यांचे ऐकून घेणारा हवा होता, आणि त्या गृहस्थाने त्यांची ती गरज ओळखली.

पुढे टिळकांच्या घरातही हे दान चालू राहिले. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले. एका शब्दाने मुलाला नाव मिळाले, आणि तेच नाव मराठी साहित्यात कायमचे राहिले. या बालकवींना अहमदनगरला टिळकांच्या घरी आसरा मिळाला व लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ती माया ठाऊकच आहे. ठोमरे हिंदूच राहिले, म्हणून त्या घरातील प्रेम आटले नाही. त्याच पुस्तकात टिळकांच्या तापट स्वभावाचे प्रसंगही लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने सांगितले आहेत. म्हणजे ते घर देवदूतांचे नव्हते. तापट माणसाच्या जिभेलाही प्रभू धीराचे शब्द शिकवू शकतो, ही आपणा सर्वांसाठी आशेची गोष्ट होय.

कोणी म्हणेल, “आम्ही बाबा तोंडावर बोलणारे. गोडगोड बोलणे आम्हांला जमत नाही.” स्पष्टवक्तेपणाचा आपणा मराठी माणसांना थोडा अभिमानच असतो. परंतु पौल याच उताऱ्याचा आरंभ कसा करतो ते पाहावे. पंचविसाव्या वचनात तो प्रथम खोटे टाकून शेजाऱ्याशी खरे बोलावयास सांगतो. तेव्हा खुशामतीला येथे मुळीच जागा नाही. खुशामत ऐकणाऱ्याला फुगवते, बांधीत नाही. आणि पौलाचा शब्द आहे बांधणीचा, घर उभारण्याचा. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, वाकडी वीट काढतोही. पण भिंत उभी राहावी म्हणून. आपण ज्याला स्पष्ट बोलणे म्हणतो, त्यानंतर समोरचा माणूस अधिक उभा राहतो की कोसळतो, एवढी एकच कसोटी लावावी. “उचलली जीभ लावली टाळ्याला” याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत.

या सेवेचा आदर्श म्हणून शास्त्र आपल्यापुढे बर्णबाला ठेवते. त्याचे खरे नाव योसेफ. ‘बर्णबा’ हे नाव प्रेषितांनी दिले, आणि मराठी शास्त्रात त्याचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. मूळ शब्दात बोध, सांत्वन आणि उत्तेजन हे तिन्ही अर्थ आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला ‘कैवारी’ म्हटले आहे, तो शब्दही त्याच धातूपासून आला आहे. शौलाला यरुशलेमातील शिष्य भीत होते, तेव्हा बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेले (कृत्ये 9:27). पुढे अर्ध्यावर परतलेल्या मार्काला पौल सोबत घेईना, तेव्हा बर्णबा त्याचाही कैवारी झाला (कृत्ये 15:37–39). आणि आयुष्याच्या अखेरीस तोच पौल मार्काला घेऊन येण्याविषयी लिहितो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11). एका अपयशी तरुणाविषयी कोणीतरी बरे बोलले, आणि मंडळीने एक सेवक गमावला नाही. आपल्या मंडळ्यांनी किती मार्क गमावले असतील? पहिल्यांदा उपासना चालवताना अडखळलेला मुलगा, गाणे चुकलेली मुलगी, नव्याने आलेले कुटुंब. दाराबाहेर ऐकू आलेल्या एका शेऱ्याने परत न फिरकलेले असे कित्येक.

आता नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर गेलेल्या आपल्या माणसांचा विचार करा. समजा, चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, सेक्टर 67 मध्ये एक मराठी ख्रिस्ती कुटुंब नुकतेच राहावयास आले आहे. पती कामावर, मुले शाळेत, आणि घरातील बाई दिवसभर एकटी. रविवारी उपासना होते, पण आपल्या भाषेतील गीत कानी पडत नाही. तिची गरज काय? तिला पैसे नकोत, प्रवचन नको, “कशा आहात? घर लागले का?” एवढे विचारणारे कोणी हवे. आणि तिच्यापाशीही देण्यासारखे पुष्कळ आहे. नावापुढे ‘जी’ लावून आदराने हाक मारण्याची पंजाबी रीत तिने उचलावी. दूरच्या राज्यातून येऊन रात्रभर फाटकाशी उभ्या असणाऱ्या चौकीदाराला नावाने ओळखावे, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करावी. जो स्वतः परका आहे त्यालाच परक्याची गरज लवकर समजते. गावी असलेल्या आपणही त्या बाईला आठवड्यातून एक फोन करण्यास काय हरकत आहे?

हे बोल आणावयाचे कोठून? आटलेल्या विहिरीतून पोहरा रिकामाच वर येतो. म्हणून पौल शेवटी, बत्तिसाव्या वचनात, आपणाला झऱ्यापाशी नेतो : देवाने ख्रिस्ताच्या ठायी आपल्याला क्षमा केली आहे. तेथील ‘क्षमा करणे’ हे क्रियापद आणि एकोणतिसाव्या वचनातील ‘कृपा’ हे नाम मूळ भाषेत एकाच कुळातील आहेत. आपणाला कृपा मिळाली म्हणून आपल्या शब्दांतून ऐकणाऱ्याला कृपा मिळावी. आणि या दोन वचनांच्या मध्ये, तिसाव्या वचनात, पवित्र आत्म्याला खिन्न न करण्याची आज्ञा आहे. कुजक्या बोलण्याने शेजारी तर दुखावतोच, पण आपल्या अंतरी वसणारा कैवारीही खिन्न होतो. त्याहून मोठे नुकसान कोणते?

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक नाव निवडावे. आपल्या घरातील, मंडळीतील वा शेजारातील असे एक माणूस, ज्याला आपल्याकडून बरा शब्द ऐकून फार दिवस झाले आहेत. त्याची गरज प्रार्थनेत प्रभूला विचारावी, आणि मग ते दान त्याच्या दारी नेऊन पोहोचते करावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, थकलेल्यांना तू शब्दाने धीर दिलास. आमच्या जिभेचे नासकेपण दूर कर. समोरच्याची गरज ऐकणारे कान आम्हांला दे, आणि जी क्षमा आम्हांला फुकट मिळाली ती आमच्या बोलण्यातून इतरांपर्यंत पोहोचू दे. आमेन.