शुश्रूषेची पारख

वस्तूची पारख करणें सोपें, सेवेची पारख करणें कठीण. धान्य घेतांना आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतों, कापड दोन बोटांत चोळून पाहतों, आणि फसलों तर दुसऱ्या दिवशीं परत करतों. सेवा मात्र ज्या क्षणीं केली जाते त्याच क्षणीं संपते. ती उचलून उजेडांत धरतां येत नाहीं. त्यांत पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा असेल, आणि तो दुसरा वयानें व आजारानें इतका दुबळा झाला असेल कीं त्याला आपलें गाऱ्हाणेंहि नीट सांगतां येत नाहीं, तर ही पारख जवळजवळ अशक्य होऊन बसते. हा प्रश्न मला ग्रंथांत भेटला नाहीं. तो माझ्या घरींच उभा राहिला, आणि त्यानें मला जें शिकविलें तें येथें मांडीत आहें.

नेवासें तालुक्यांतील सोनई हें माझें गांव. मुळेच्या कालव्यानें आणि मुळा सहकारी साखर कारखान्यानें त्याचें रूप पालटून गेलें आहे. हंगामांत उसाच्या वाहनांची रांग रस्त्याला लागते, आणि शिर्डीहून राहुरीमार्गें शनिशिंगणापुरास जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मोटारी वर्षभर गांवावरून धांवत असतात. या गांवांतल्या आमच्या जुन्या घरांत माझी आत्या एकटी राहत असे. ऐन तारुण्यांत वैधव्य आल्यामुळें ती माहेरीं परतली, आणि आम्हां भावंडांना तिनेंच लहानाचें मोठें केलें. एके पहाटे तिला अर्धांगवायूचा झटका आला. कांहीं महिने शेजाऱ्यांनीं सांभाळलें. पण शेजारधर्मालाहि सीमा असतात. मी आणि पत्नी दोघेंहि पुण्यास नोकरी करणारीं. तिला पुण्यास येणें मान्य नव्हतें. अखेर गांवापासून फार दूर नसलेली एखादी संस्था शोधावी असें ठरलें.

‘नर्सिंग होम’ हा शब्द आपल्याकडे लहान खाजगी रुग्णालयालाच रूढ झाला आहे. मुंबई राज्याच्या 1949 सालच्या नोंदणी-कायद्याखालीं आजहि मुख्यतः रुग्णालयें व प्रसूतिगृहेंच नोंदलीं जातात. पाश्चात्य देशांत याच शब्दानें ज्याचा बोध होतो तें पंगु वृद्धांचें दीर्घकाळचें शुश्रूषागृह आपल्या समाजांत नवें आहे. 2011 च्या खानेसुमारींत साठ वर्षांवरील माणसांची संख्या भारतांत सुमारें 10 कोटी 38 लक्ष होती. तेव्हां हा प्रश्न कोण्या एका घरचा राहिलेला नाहीं. 2007 सालीं आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. त्यांत महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाची तरतूद आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असें एक तरी गृह राज्य सरकारनें उभारावें असेंहि म्हटलें आहे. परंतु कायदा पैसे देववूं शकतो. रात्रीं दोन वाजतां प्रेमानें कूस बदलून देववूं शकत नाहीं.

अध्यापकाच्या संवयीप्रमाणें मीं प्रथम ग्रंथ उघडले. अवेदिस डोनाबेडियन या वैद्यकाच्या अमेरिकन अभ्यासकानें 1966 सालीं वैद्यकीय सेवेच्या मूल्यमापनाचीं तीन अंगें सांगितलीं. आपल्या भाषेंत त्यांना रचना, क्रिया आणि फल म्हणतां येईल. खाटा किती, न्हाणीघरांत धरावयास दांडा आहे कीं नाहीं, रात्रीं किती माणसें जागीं असतात, ही रचना. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलतात कीं नाहीं, ही क्रिया. त्याच्या पाठीवर व टांचांवर व्रण पडले काय, वजन घटलें काय, तो पडला काय, हें फल. ही विभागणी मला निर्दोष वाटली, आणि ती खिशांत घालून मी बाहेर पडलों.

पहिल्या संस्थेंत रचना उत्तम होती. फरशी आरशासारखी, दर्शनी दालनांत काचेच्या पेटींत रंगीत मासे. क्रियेची चौकशी करतांच व्यवस्थापकांनीं माझ्यापुढें वही ठेवली. प्रत्येक रहिवाशाचें स्वतंत्र पान, प्रत्येक दोन तासांचा स्वतंत्र रकाना, प्रत्येक रकान्यांत एकाच शाईची बरोबरची खूण. मी प्रसन्न झालों. मग सहज घड्याळाकडे पाहिलें. दुपारचे तीन वाजले होते, आणि सायंकाळीं सहा वाजतां कूस बदलल्याची खूण वहींत आधींच झालेली होती.

हा दोष केवळ आपल्या लोकांचा असें समजण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत सरकारनें 2008 पासून अशा गृहांना एकपासून पांचपर्यंत तारे देण्यास आरंभ केला. त्यांतील कांहीं गुण सरकारी तपासनिसांच्या पाहणीवर, तर कांहीं संस्थांनीं स्वतः कळविलेल्या माहितीवर अवलंबून होते. आणि स्वतः कळविलेली माहिती वस्तुस्थितीपेक्षां उजळ असते असें लौकरच दिसून आलें. अखेर सेवकांची संख्या पगारपत्रकांवरून घेण्याची पद्धत तेथें सुरू करावी लागली. जें मोजलें जातें तें सुधारतें असें म्हणतात. पुष्कळदा तें नुसतें लिहिलें जातें. आणि केवळ फलावरूनहि निकाल देतां येत नाहीं; कारण उत्तम गृहांतलीं माणसेंहि अखेर मरणारच, आणि वाईट गृहांत एखादी काटक म्हातारी शंभरी गांठील.

दुसऱ्या संस्थेंत भेटीची वेळ रविवारीं चार ते पांच. इतर वेळीं आंत जातां येईल काय असें विचारतां उत्तर मिळालें, “आमच्यावर विश्वास ठेवा.” तेथून परततांना वाटेंत शनिशिंगणापूर लागलें. त्या गांवच्या घरांना दारें नसण्याची परंपरा सर्वश्रुत आहे. 2011 सालीं एका बँकेनें तेथें कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हां देशभर तिची चर्चा झाली. चोराला देव शासन करील अशी श्रद्धा असल्यामुळें तेथें गृहस्थ निश्चिंत झोंपतो. मला वाटलें, वृद्धांच्या गृहालाहि दार असूं नये, पण उलट कारणासाठीं. शिंगणापुरीं दार नाहीं, कारण कोणी पाहण्याची गरज नाहीं. येथें दार नसावें, कारण केव्हांहि कोणी पाहूं शकलें पाहिजे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं 1859 सालीं लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत एक अख्खें प्रकरण एवढ्याच गोष्टीला दिलें आहे, कीं आपण हजर असतांना जें होतें तेंच आपण नसतांना कसें होईल याची तजवीज करणें हाच व्यवस्थेचा आत्मा होय. विश्वास ही मागून घ्यावयाची वस्तु नव्हे. दार उघडें ठेवून ती मिळवावी लागते.

तिसरें गृह अहिल्यानगरच्या रस्त्याला एका जुन्या इमारतींत होतें. पडवीवर पत्रे, भिंतींचा रंग उडालेला. मी न कळवितां रात्रीं नऊच्या सुमारास गेलों. दार लोटलेलें होतें. कोणीं अडविलें नाहीं. आंत एक सेविका, जिला सगळीं मावशी म्हणत, एका वृद्धास पातळ खिचडी भरवीत होती. एक चमचा तोंडांत गेला कीं ती त्याच्या गळ्याकडे पाहत थांबे; घोट उतरला कीं मगच दुसरा चमचा. तिला घाई नव्हती, आणि तिला माझ्याकडे पाहण्यास सवडहि नव्हती. मी तेथें पाऊण तास उभा होतों.

परत येतांना माझ्या मनांतला एक मोठा गोंधळ निवळला. आपण अशा संस्थांकडून प्रेमाची अपेक्षा करतों, आणि तें दिसलें नाहीं कीं रागावतों. परंतु तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करणाऱ्या बाईपाशीं, जें आपल्या स्वतःच्या घरांत पुरलें नाहीं तें प्रेम मागण्याचा आपल्याला अधिकार काय? आमच्याच तालुक्यांत नेवाशास, शके 1212 मध्यें, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायांत गुरुसेवेचें केवढें तरी विस्तृत वर्णन आहे. पण ती सेवा भक्तीची, आणि भक्ति पगारपत्रकावर मिळत नाहीं. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांपाशीं जें मागितलें आहे तें मात्र कोणापाशींहि मागतां येतें. तें म्हणजे अवधान. प्रेम हा स्वभावाचा भाग आहे, अवधान हा कर्तव्याचा. तें शिकवितां येतें, त्याला वेळ आणि माणसें पुरवितां येतात, आणि तें आहे कीं नाहीं हें घोट उतरण्याची वाट पाहणाऱ्या डोळ्यांत दिसतें. चांगल्या शुश्रूषेचें सार तेवढेंच आहे असें माझें मत झालें, आणि आत्याला मीं तेथें ठेविलें.

येथेंच लेख संपवितां आला असता. पण मग तो अर्धाच खरा झाला असता. महिन्याभरानें मी भेटीस गेलों, आत्याच्या खाटेच्या डाव्या अंगाला बसलों आणि बोलूं लागलों. ती छताकडे पाहत राहिली. मला वाटलें, रागावली. मग वाटलें, भान गेलें. इतक्यांत मावशी पाणी घेऊन आली.

“सर, या अंगाला बसा. आजींना त्या कानानं ऐकू येत नाही.”

“केव्हांपासून?” मीं दचकून विचारलें.

“ते तुम्हांलाच ठाऊक असंल ना. तुम्ही घरचे.”

तिच्या बोलण्यांत उपरोध नव्हता. तिला खरेंच तसें वाटत होतें. मी उजव्या बाजूला गेलों आणि आत्याला विचारलें. अडखळत, पण हंसत ती म्हणाली, “वीस वर्षं झाली रे.”

वीस वर्षें! या वीस वर्षांत मीं तिला नियमानें पैसे पाठविले, दिवाळीस लुगडें नेलें, तिच्याविषयीं प्रेम बाळगलें. तें प्रेम खोटें नव्हतें. पण एका अनोळखी बाईला एका महिन्यांत जें कळलें तें मला वीस वर्षांत कळलें नव्हतें. तीस वर्षें मी इतरांच्या परीक्षा घेत आलों आहें. त्या दिवशीं माझी झाली.

तेव्हां कोणी मला विचारील कीं संस्था कशी पारखावी, तर मी इतकेंच सांगेन. न कळवितां, अवेळीं जावें. रात्रीं किती जणांमागें किती माणसें जागीं असतात तें मोजावें. आपल्या माणसाची पाठ व टांचा स्वतः पाहाव्या. सेविकेला पगार वेळेवर मिळतो काय, आठवड्याची सुटी मिळते काय, हें विचारावें. कारण थकलेल्या माणसापाशीं अवधान उरत नाहीं. आणि एखाद्या रहिवाशाविषयीं तिला तीन क्षुल्लक प्रश्न करावे: चहांत साखर किती, कोणत्या कुशीवर झोंप लागते, कोणत्या कानानें ऐकूं येतें. मग तेच तीन प्रश्न स्वतःला करावे. ही परीक्षा एकदां घेऊन प्रशस्तिपत्र देण्याची नाहीं. ती पुनःपुन्हां जाऊन घ्यावयाची असते, आणि असें जात राहणें हाच शुश्रूषेंतील आपला वांटा होय. जो एकदां पाहून निश्चिंत झाला त्यानें संस्था पारखली नाहीं, आपली जबाबदारी उतरवून ठेविली.

आतां मी महिन्यांतून दोनदां जातों. दिवस कोणासहि कळवीत नाहीं. तरीहि प्रत्येक वेळीं आत्याच्या खाटेच्या उजव्या अंगाला एक खुर्ची ठेवलेली असते.