विसावा हा आळस आहे काय ?

गारखेडा हे एके काळी शहराबाहेरचे लहानसे खेडे होते. आज छत्रपती संभाजीनगराने त्याला पुरते आपल्या पोटात घेतले आहे. सूतगिरणी चौकाकडून गजानन महाराजांच्या मंदिराकडे सायंकाळी पायी निघावे, तर शाळेतून घरी परतणारे शिक्षक हमखास भेटतात. खांद्याला पिशवी, पिशवीत वह्यांचा गठ्ठा, हातात मोबाईल, आणि चेहऱ्यावर अशी काही ओढ की माणूस घरी निघाला आहे की दुसऱ्या कामावर निघाला आहे, हे कळू नये.

अशाच एका सायंकाळी आमच्या गल्लीतील एक भगिनी वाटेत थांबल्या. प्राथमिक शाळेत त्यांची बावीस वर्षे नोकरी झाली आहे. म्हणाल्या, “काका, एक विचारू का ? हरिपाठाला बसते, पण डोळे मिटले की तक्ते समोर उभे राहतात. कोणाचा आधार क्रमांक जुळला नाही, कोणाची माहिती भरायची राहिली, तेच डोक्यात. आणि परवा तर हद्द झाली. एका लेकरानं तिसऱ्यांदा तेच विचारलं, तर मी त्याच्या अंगावर अशी ओरडले की सारा वर्ग चिडीचूप. ते रडलंसुद्धा नाही. नुसतं माझ्याकडं बघत राहिलं. मुलं देवाची रूपं आहेत असं मीच सांगत असते ना ? मग माझीच भक्ती कुठं कमी पडते का ?”

सज्जनहो, हा प्रश्न हलका नाही. सेवा करता करता माणूस थकला, तर तो त्याच्या श्रद्धेचा दोष समजावा काय ? आणि थकलेल्याने विसावा मागणे हा आळस किंवा स्वार्थ होतो काय ?

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी एकदा देऊन बसलो आहे, म्हणून तो मला चांगला ओळखीचा आहे. मी एका शाळेत मुख्याध्यापक असताना मार्चअखेरीस आमचे लिपिक माझ्यापुढे येऊन उभे राहिले. “सर, डोकं चालंना. दोन रात्री झोप नाही,” एवढेच बोलले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “नाम घ्या, मन शांत होईल.” आणि त्याच हाताने आणखी एक फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली. वाक्य खोटे नव्हते. बोलणाऱ्याचा हेतू खोटा होता. त्यांचे मन शांत व्हावे ही माझी तळमळ नव्हती, माझे काम उरकावे ही होती. पुढे ते गृहस्थ महिनाभर अंथरुणाला खिळले. देवाचे नाव मी एका थकलेल्या माणसाचे तोंड बंद करण्यासाठी वापरले, हे मला फार उशिरा उमगले.

प्रथम श्रम आणि शीण यांतील भेद पाहू. श्रमाने माणूस मोडत नाही. दिवसभर नांगर धरणारा रात्री गाढ झोपतो. शिक्षकही चार तास जीव ओतून शिकवून आला, आणि एखाद्या मुलाला भागाकार उमगलेला पाहून आला, तर थकतो खरा, पण त्या थकव्यात गोडी असते. शीण निराळा. जे काम कधी संपतच नाही, जे आपल्या मुख्य कामाआड येते आणि ज्यात आपल्याला कोणी काही विचारत नाही, त्या कामाने शीण येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद आहे. तीही रोग म्हणून नव्हे, नोकरीच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा तेथे सांगितल्या आहेत. अंगातली शक्ती सरल्यासारखी वाटणे, कामाविषयी मनात दुरावा वा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. कारणही सांगितले आहे : कामाच्या ठिकाणचा सततचा ताण, ज्याचा वेळीच बंदोबस्त झाला नाही. आमच्या भगिनी जे आपले पाप म्हणून सांगत होत्या, ते बव्हंशी या खुणांमध्ये बसते.

याचा अर्थ त्या लेकरावर ओरडणे योग्य ठरले, असा कोणी करू नये. लेकराला लागायचे ते लागलेच. किंबहुना म्हणूनच हा प्रश्न शिक्षकापुरता राहत नाही. वरून उतरत आलेला ताण शेवटी ज्याला तो पुढे ढकलता येत नाही त्याच्या पदरात पडतो, आणि शाळेत असा शेवटचा माणूस म्हणजे मूल.

आता आपल्या या मुलखातलीच एक कथा पाहा. गारखेड्याहून दौलताबादचा किल्ला काही फार लांब नाही. पैठणचे नाथमहाराज तेथे जनार्दनस्वामींपाशी राहून हिशेब लिहीत. एकदा एका पैची चूक सापडेना, म्हणून रात्रभर जागले, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैच्या शोधात हे चित्त इतके एकाग्र होते, तर ते भगवंताकडे लागले तर काय होईल, असे त्यांनी शिष्याला सांगितले. ही कथा आपण एकाग्रतेसाठी सांगतो, आणि ते ठीकच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. शिष्य रात्री जागतो आहे हे गुरूंनी पाहिले. ‘शाबास, उद्यापासून दोन वह्या लिही’ असे ते म्हणाले नाहीत. हे मन पैच्या हिशेबापेक्षा मोठ्या कामाचे आहे हे ओळखून त्यांनी त्याला पुढची वाट दाखवली. शूलिभंजनाच्या डोंगरावर अनुष्ठानाला पाठवले. परंपरा असेही सांगते की जनार्दनस्वामींच्या उपासनेसाठी देवगिरीच्या कचेरीला गुरुवारी सुटी असे. किल्ल्यासारख्या राजकारणाच्या ठिकाणीसुद्धा एक दिवस राखता येत होता. मग आज शाळेतील एखादी सायंकाळ राखता येऊ नये काय ?

पंढरीची वाट तर हेच रोज शिकवते. माऊलींची पालखी आळंदीहून निघते, तिची वाटचाल अशी आखलेली असते की न्याहारीला थांबा, दुपारच्या जेवणाला थांबा, मध्ये विसावा आणि रात्री मुक्काम. पुणे सोडून दिवेघाट चढला की सासवडला एक सोडून दोन मुक्काम असतात. तेथे सोपानकाकांची समाधी आहे हे खरेच. पण घाट चढून आलेल्या पायांनाही तो दिवस लाभतो. विसाव्याला बसलेल्या वारकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. आणि हा विसावा ज्याने त्याने आपापल्या हिमतीवर चोरून घ्यायचा नसतो. तो सोहळ्यानेच ठरवून दिलेला असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट समाजआरतीची. मुक्कामी सारे जमल्यावर चोपदार दंड उंचावतात आणि टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निवाडा होतो, आणि नंतर आरती. वाजता टाळ हा कोणाला तेथे उर्मटपणा वाटत नाही. किंबहुना तो ऐकल्यावाचून आरती पुढे सरकत नाही. आमच्या लिपिकांनी त्या दिवशी टाळच वाजवला होता. मी चोपदाराचे काम केले नाही.

येथे कोणी म्हणेल, “साने गुरुजींनी कुठे विसावा मागितला ? ते छात्रालयातल्या मुलांसाठी आईसारखे राबत.” खरे आहे, आणि त्यांच्यापुढे आपण नतमस्तकच व्हावे. परंतु हेही ध्यानात घ्यावे की गुरुजींची अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील नोकरी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षांची होती. पुढे ते स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. त्यांच्यामागे संसार नव्हता. आजचा शिक्षक तीस-पस्तीस वर्षे वर्गात उभा असतो, आणि घरी म्हातारी आई व शाळकरी मुले असतात. शिवाय गुरुजी राबले ते मुलांसाठी. मुलांसाठी राबायला आजही पुष्कळ शिक्षक तयार आहेत; त्यांचे दुखणे हे, की मुलांसाठी वेळच उरत नाही. थोरांचा त्याग आपण स्वतःसाठी आदर्श म्हणून घ्यावा. दुसऱ्याकडून वसूल करण्याची हुंडी म्हणून तो वापरू नये.

आणि ही काही केवळ भावनेची मागणी नाही. बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणुका ही कामे सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपता येत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याला ४५ तासांचा उल्लेख आहे, आणि त्यात पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे घरी रात्री दिव्याखाली केलेली तयारी हे कामच आहे, हे कायद्याला मान्य आहे. आपल्यालाच ते दिसत नाही. तसेच शाळा म्हणजे एकटे शिक्षक नव्हेत. घंटा देणारे शिपाईमामा, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, पगारपत्रके करणारे लिपिक, यांचाही शीण शीणच असतो, आणि त्यांना तर विचारणारेही कोणी नसते.

तर मग करावे काय ? मुख्याध्यापकाने आठवड्यातून एकदा, अर्धा तास का होईना, सर्वांना एकत्र बसवून विचारावे, “कोणाचा टाळ वाजतो आहे ?” आणि ऐकून घेतल्यावर निदान एक ओझे खरोखर उतरवावे. तीच माहिती तीन ठिकाणी भरावी लागत असेल तर एकाने तिघांसाठी भरावी. रात्री दहाला गटावर येणारा निरोप सकाळी आला तर आभाळ कोसळत नाही. सहकाऱ्यांनी ‘मला जमते, तुम्हाला का जमत नाही’ ही भाषा सोडावी. पालकांनी शिक्षकाच्या घरच्या वेळेची आपल्या घरच्या वेळेइतकीच कदर करावी.

आणि ज्याचे त्यानेही काही सांभाळावे. डबा बसून खावा. दिवसभर बोलणाऱ्या घशाला पाणी आणि मधून मधून मौन द्यावे. झोप मोडून तक्ते भरू नयेत. मनात साचलेले एका तरी विश्वासाच्या माणसाजवळ बोलावे. झोप उडाली, जेवण जाईना, जगणेच नको वाटू लागले, तर ताप आल्यावर जसे आपण वैद्याकडे जातो तसेच निःसंकोच डॉक्टरांकडे जावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर बोलायला पैसे पडत नाहीत. यात श्रद्धेला उणेपणा येत नाही.

मग नामाचे काय ? नाम आहेच. पण ते थकलेल्याने आपल्या ओढीने घ्यावे. थकवणाऱ्याने त्याला औषध म्हणून लिहून देऊ नये. ज्याच्या हाती ओझे उतरवणे आहे, त्याने आधी ओझे उतरवावे आणि मग हवे तर शेजारी बसून नाम घ्यावे.

त्या भगिनींना मी एवढेच म्हणालो, “ताई, तुमची भक्ती कमी नाही. भक्ती कमी असती तर त्या लेकराची नजर तुमच्या ध्यानातही राहिली नसती. मात्र लेकराचे देणे आहे, ते फेडा; आणि स्वतःचे गाऱ्हाणे गिळू नका.” आठवड्याने पुन्हा भेटल्या. त्यांनी वर्गात त्या मुलाला जवळ बोलावून सांगितले होते, “परवा माझं चुकलं. तुला जे विचारायचं होतं ते परत विचार.” मुलाने चौथ्यांदा तेच विचारले. आणि त्याच दुपारी त्या तीन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या होत्या. “अजून काही ठरलं नाही काका,” म्हणाल्या, “पण त्यांनी बसा म्हटलं, आणि ऐकून घेतलं.”

वाचकांत जे कोणी मुख्याध्यापक असतील, संस्थाचालक असतील, अधिकारी असतील, त्यांना हात जोडून विनंती की उद्या शाळेत गेल्यावर क्षणभर कान द्यावा. कोठेतरी टाळ वाजत असेल.