तिकीटबारी कोणाच्या हाती?

मोठ्या स्टुडिओच्या किंवा वाहिनीच्या आगाऊ पैशाशिवाय, दिग्दर्शक आणि त्याचे निकटचे सहकारी यांच्या निर्णयावर उभा राहणारा चित्रपट म्हणजे स्वतंत्र चित्रपट, अशी ढोबळ व्याख्या करता येते. अशा चित्रपटांतील कला आणि व्यवसाय यांच्या तोलाविषयी जी चर्चा होते, ती बहुधा पटकथा आणि चित्रीकरण यांच्यापाशीच थांबते. गाणी घालावीत की नाहीत, ओळखीचा चेहरा घ्यावा की नवखा, शेवट सुखाचा करावा की नाही, हे प्रश्न खरे आहेत. परंतु नांदेड-लातूरसारख्या भागातील निर्मात्याचा तोल ढळतो तो या टप्प्यावर क्वचितच, कारण त्याचा खरा पेच चित्रपट पूर्ण झाल्यानंतर, तो प्रेक्षकांपर्यंत कोणी आणि कोणत्या अटींवर न्यायचा या प्रश्नापाशी सुरू होतो.

या पेचाला भूगोल आहे आणि इतिहासही आहे. चित्रपट-व्यापाराने देशाचे जे विभाग पाडले, ज्यांना व्यवसायात ‘टेरिटरी’ किंवा ‘सर्किट’ म्हणतात आणि ज्यांचे प्रदर्शनहक्क स्वतंत्रपणे विकले जातात, त्यांत मराठवाडा परंपरेने ‘निजाम’ विभागात मोडतो. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी व्यापाराची जुनी आखणी राज्याच्या सीमेबरोबर सरकली नाही. दुसरीकडे मराठी चित्रपटाच्या वितरणाचे निर्णय मुंबई-पुण्यात होतात. म्हणजे किल्लारीचा १९९३ चा भूकंप किंवा २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणारी रेल्वे यांसारखे विषय ज्या मातीत घडले, तिथल्या माणसाने त्यांवर चित्रपट केला, तर तो लातुरात किती खेळ चालावा हे ठरवणारा माणूस लातुरात नसतो.

त्यातच उत्पन्नाची विभागणी संथ चित्रपटाच्या विरोधात जाते. मल्टिप्लेक्सचालक आणि हिंदी निर्माते-वितरक यांच्यात २००९ च्या संपानंतर ठरलेल्या सूत्रानुसार निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के असा उतरत जातो. ज्या चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नाही आणि जो केवळ तोंडी शिफारशीवर वाढतो, त्याचा प्रेक्षक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जमू लागतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा वाटा घटलेला असतो, किंवा खेळच काढून घेतलेला असतो. राज्य शासनाचे अनुदानही ही पोकळी भरत नाही. अनेक वर्षे ‘अ’ दर्जाच्या मराठी चित्रपटास ४० लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटास ३० लाख रुपये असे त्याचे स्वरूप राहिले. पण ते परीक्षणानंतर मिळत असल्याने भांडवल म्हणून त्याचा उपयोग होत नाही, आणि तोवर कर्जाचे व्याज चालूच राहते.

मराठवाड्याला या प्रश्नाचे एक जुने उत्तर ठाऊक आहे, आणि त्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे खेदाने नोंदवावे लागते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जी यात्रा भरते, तिथे घोड्या-गाढवांच्या बाजाराबरोबर तंबूचे तमाशे येतात. तमाशाचा फड म्हणजे कलावंत, वादक, कामगार, तंबू आणि वाहने यांसह हंगामभर फिरणारी संपूर्ण संस्था होय, आणि तिचा मालक अनेकदा स्वतःच कलावंत असतो. विठाबाई नारायणगावकर, मंगला बनसोडे, रघुवीर खेडकर ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. फडाचे उत्पन्न दोन मार्गांनी येते: गावाने ठरावीक रक्कम देऊन खेळ ठरवला तर ती ‘सुपारी’, आणि कनात लावून दारावर तिकिटे विकली तर ती ‘तिकीटबारी’. सुपारीत जोखीम कमी आणि स्वातंत्र्यही कमी, तर तिकीटबारीत दोन्ही अधिक. आणि एकाच हंगामात या दोहोंचे प्रमाण राखणे हीच फडमालकाची व्यावसायिक बुद्धी ठरते. गण, गवळण, बतावणी आणि वग या ठरलेल्या क्रमात कोणता भाग लांबवावा आणि कोणता वग लावावा, हे समोरच्या गर्दीकडे पाहून ठरवणारा आणि रात्रीचा गल्ला मोजणारा माणूस एकच असल्यामुळे, येथे कला आणि व्यवहार यांना एकमेकांशी निरोप्यामार्फत बोलावे लागत नाही.

अर्थात या व्यवस्थेचे गौरवीकरण करणे अन्यायाचे ठरेल. हंगामापूर्वी कलावंतांना द्यावी लागणारी आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, फडमालक बहुधा व्याजाने उभी करतो, आणि दुष्काळाच्या किंवा अवकाळीच्या एका हंगामात फड कर्जात बुडतो. स्वतंत्र चित्रपटाची कथा येथे फडाच्या कथेला येऊन मिळते. भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ शेतजमीन विकून उभा राहिला, राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवला गेला आणि २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा आदर करावा, पण जमीन विकणे ही निर्मितीची पद्धत मानू नये. ‘कोर्ट’ या चित्रपटाच्या बाबतीत विवेक गोम्बर या अभिनेत्याने निर्मात्याची भूमिका स्वीकारून दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांना लेखनकाळातच आर्थिक आधार दिला, हा मार्ग कितीतरी निरोगी आहे, कारण त्यात लेखनाचा वेळही निर्मितीच्या खर्चात धरला गेला.

हक्कांचा प्रश्न याहूनही कमी बोलला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि लेखक यांच्या मानधनहक्काला संरक्षण दिले, तरी दिग्दर्शकाची ही स्थिती पालटली नाही. दादासाहेब फाळके यांनी भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली आणि मतभेदांमुळे ते लवकरच तिच्यातून बाहेर पडून काशीला गेले. भांडवल आणि कर्तेपण यांची सांगड कागदावर नीट न बसल्यास काय होते, हे भारतीय चित्रपटाने आपल्या पहिल्या दशकातच पाहिले आहे.

यूट्यूबवरील मालिकांनी वितरणाचा प्रश्न काही अंशी सोडवला. सातारा जिल्ह्यातील ‘गावाकडच्या गोष्टी’ किंवा बारामती परिसरातील ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ यांनी बोलीभाषेतील मालिका गावातूनच चालवता येते हे दाखवले, आणि दीर्घ चित्रफितीवरील जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. मात्र तेथे दर आठवड्याला भाग देण्याचा ताण लेखनाला उथळ करू शकतो.

फडाचा तो जुना मार्ग चित्रपटाला लावून पाहता येईल. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेथे माध्यमशास्त्र आणि ललित व प्रयोगजीवी कला यांची संकुले आहेत, आणि जिल्ह्यांच्या शहरांत नाट्यगृहे व महाविद्यालयीन सभागृहेही आहेत. सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट या चार जिल्ह्यांत हिवाळाभर फडासारखा फिरवला, असे समजू. पाचशे आसनांचे सभागृह ६० टक्के भरले आणि तिकीट ८० रुपये असले, तर एका खेळाला २४ हजार आणि ४० खेळांना ९ लाख ६० हजार रुपये जमतात. भाडे, प्रवास आणि जाहिरात वजा जाता त्यातील निम्मी रक्कम उरली तरी समाधान मानावे. एवढ्यावर कोटीचा चित्रपट निघत नाही, पण काही लाखांत बसणारी कथा निघते, आणि तशी कथा निवडणे हे लेखकाचेच काम आहे. ज्या कथेला मोठे भांडवल हवेच आहे, तिने मुंबईला अवश्य जावे. परंतु ‘सैराट’ची कन्नड, पंजाबी आणि हिंदी रूपे निघाली हे ध्यानात ठेवून, भाषांतराचे, पुनर्निर्मितीचे आणि मालिकेचे हक्क करारात वेगळे नोंदवल्याशिवाय सही करू नये.