उत्तर कोणी द्यायचे?

गेल्या १५ ऑगस्टला मी गावी होतो. झेंडावंदन आटोपल्यावर शाळेच्या पडवीत सतरंज्या पडल्या आणि ग्रामसभा सुरू झाली. मागच्या सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, घरपट्टीची थकबाकी... ग्रामसेवक विषय भराभर वाचत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. तिची सून पंधरवड्यापूर्वी तालुक्याच्या वाटेवर जीपमध्ये बाळंत झाली होती. मूल गेले.

"उपकेंद्राला कुलूप का होतं?" तिने सरपंचबाईंना विचारले. "तुला मत दिलं ना आम्ही?"

सरपंचबाई बत्तिशीच्या, गावच्या सून, महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकलं आमचं, आत्या."

सभेनंतर मी ठरावांची वही मागून घेतली. उपकेंद्रातल्या परिचारिकेची जागा दीड वर्ष रिकामी होती. ती भरावी म्हणून पंचायतीने तीनदा ठराव करून वर पाठवला होता. नेमणूक पंचायतीच्या हाती नाही, बदली नाही, पगार नाही, रजासुद्धा नाही. मग चुकले ते काय? मी सरपंचबाईंना विचारले, "तुम्ही कशाला चूक कबूल केलीत?" त्या वहीला दोरी बांधत होत्या. म्हणाल्या, "मग आत्यांच्या समोर दुसरं कोण उभं होतं?"

त्या उत्तराने मला अजून सोडलेले नाही.

आपल्याकडे 'जबाबदारी' हा शब्द फारसीतून आला आणि 'उत्तरदायित्व' संस्कृतातून घडवला गेला, पण दोघांच्या पोटात एकच गोष्ट आहे, जबाब, उत्तर. जबाबदार तो, ज्याने जबाब द्यायचा. नीतीच्या चर्चेत मात्र एक जुना दंडक सांगतात की, जे करणे माणसाच्या हातात नाही त्याचा दोष त्याला देता येत नाही. हे दोन्ही खरे धरले तर सरपंचबाईंचे ते वाक्य अर्थहीन ठरायला हवे. तसे ते ठरत नाही. जिच्या हाती काही नव्हते तिने जबाब दिला, आणि ज्यांच्या हाती होते त्यांना तो कोणी मागितलाच नाही. म्हातारीने तरी तो कुठे जाऊन मागायचा? जिल्ह्याच्या गावी एसटीने जायला अडीच तास लागतात आणि तिथे गेल्यावर कोणत्या खोलीत शिरायचे हे मलाही सांगता आले नसते.

अधिकारांच्या विकेंद्रीकरणावर आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा कार्यक्षमतेच्या भाषेत. स्थानिक गरज स्थानिकांना कळते, पैसा गळत नाही, वगैरे. ते खरे असेल किंवा नसेल. मला प्रश्न दिसतो तो वेगळा आहे. एका माणसाच्या हाती निर्णय ठेवून दुसऱ्याला दोषाच्या जागी उभे करणे, हे न्याय्य आहे का?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने पंचायतींची निवडणूक दर पाच वर्षांनी सक्तीची केली, त्यासाठी राज्य निवडणूक आयोग आणला, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. ही फार मोठी गोष्ट होती आणि आहे. पण अधिकारांचे कलम, २४३ छ, वाचताना क्रियापद बघा. राज्याचे विधिमंडळ पंचायतींना अधिकार 'देऊ शकेल'. देईल, असे नाही. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, शेतीपासून प्राथमिक शाळेपर्यंत, आरोग्यापासून रस्त्यांपर्यंत. त्यातले किती, कोणाला, माणसांसह की नुसत्या कागदावर, हे ज्या त्या राज्याच्या मर्जीवर आहे. म्हणजे उत्तर द्यायला खुर्ची सक्तीची आणि त्या खुर्चीवरच्या माणसाला हात मात्र ऐच्छिक. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या लोकांनी पंचायतराज येण्यापूर्वीच करून ठेवली आहे.

पैशाचेही तेच. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींसाठी दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. पाणी महत्त्वाचे नाही असे कोण म्हणेल? पण काय महत्त्वाचे हे आधीच ठरवून टाकल्यावर ग्रामसभेने बसून ठरवायचे काय?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, जंगलातला बांबू गावाचा झाला. पण बांबू विकून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि त्यांनी ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कुठे हक्काला पाय फुटले. हक्क देऊन पुस्तक ठेवून घेणे ही कला आपल्या प्रशासनाला फार छान साधते.

आता इथे कोणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवे, की गावाच्या हाती अधिकार देणे म्हणजे गावातल्या कोणाच्या हाती? १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्वाची हमी नसेल तर ही सत्ता कोणाच्या पाठीवर पडेल हे त्यांना स्वच्छ दिसत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याविषयी जे कठोर शब्द वापरले ते पुढे सर्वांच्या तोंडी झाले, बहुधा त्यामागचे दुःख वगळून. ज्यांनी गावगाडा फक्त वाड्याच्या ओसरीवरून पाहिला त्यांना तो रम्य वाटला. तो वेशीबाहेरून कसा दिसतो हे सांगणारा माणूस घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे आपले भाग्य.

या आक्षेपाला मी हलके मानत नाही. म्हातारी सरपंचबाईंना तोंडावर विचारू शकली, कारण त्या जवळ होत्या. पण ती जवळीक सगळ्यांना सारखी नसते. ज्याला त्याच गावात उद्या मजुरीला जायचे आहे, त्याच दुकानातून उधारीवर मीठ आणायचे आहे, त्याच्या तोंडाला जवळच्या सत्तेसमोर कुलूप लागते. त्याला दूरचा अनोळखी अधिकारी कितीदा तरी जास्त बरा वाटतो. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी तमिळनाडूतल्या एका पंचायतीच्या निवडून आलेल्या दलित महिला अध्यक्षांना झेंडा फडकवू दिला गेला नाही, अशी तक्रार झाली. काही दिवसांनी जिल्हाधिकारी गावात गेले आणि त्यांच्या उपस्थितीत त्यांनी तो फडकवला. त्या दिवशी वरच्या सत्तेने जे केले ते तिचेच काम होते.

म्हणून मला वाटते, भेद करायला हवा तो असा: विहिरीवर कोणी पाणी भरावे हे ठरवण्याचा अधिकार गावाला कधीच नसावा. विहिरीतला गाळ केव्हा काढायचा, हे गावानेच ठरवावे. पहिल्या गोष्टीत राज्याने दाराशी उभे राहावे, दुसरीत वाटेतून दूर व्हावे. आपण अनेकदा उलट करतो. अन्याय झाला की तो गावचा आपसातला मामला म्हणून मिटवू पाहतो आणि गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकाला मात्र तीन सह्या मागतो. अर्थात ही रेघ मी कागदावर ओढली तितकी सरळ नाही, हे कबूल केले पाहिजे. दिवा आधी कोणत्या आळीत लागायचा हा गाळाचा प्रश्न आहे आणि पाण्याचाही. असे प्रश्न नेमके तेच, ज्यांच्यावर सभेत भांडण व्हायला हवे आणि इतिवृत्तात लिहिले जायला हवे.

दुसरा आक्षेप मला मुळीच पटत नाही, तो म्हणजे लायकीचा. हे लोक अजून तयार नाहीत. हे वाक्य आपण पूर्वी ऐकले आहे, आपल्याच बाबतीत. लॉर्ड रिपनने १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्याला लोकशिक्षणाचे साधन मानले, तेव्हा त्याच्याच राज्यातल्या अनेक अधिकाऱ्यांना ते घाईचे वाटले होते. स्वतंत्र देशाने ती घाई पुन्हा नाकारावी याची गंमत वाटते. २०१५ मध्ये हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारांना शाळेच्या इयत्तेची अट घातली, घरात शौचालय असण्याचीही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती वैध ठरवली. दोनांहून अधिक अपत्यांवरून अपात्र ठरवण्याची तरतूद महाराष्ट्रातही आली. आमदाराला आणि खासदाराला यातली एकही अट नाही. जो कायदा करतो त्याला शिक्षण ऐच्छिक, जो गटार उपसतो त्याला सक्तीचे.

केरळने १९९६ मध्ये उलट्या टोकाने सुरुवात केली. राज्याच्या योजनाखर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचे आधी ठरवले, आणि नियोजन कसे करायचे याचे प्रशिक्षण त्याच्या जोडीने गावोगाव चालवले. प्राथमिक आरोग्य केंद्रे ग्रामपंचायतींकडे सोपवली. कर्मचाऱ्यांचे पगार राज्याकडेच राहिले, दोन धन्यांच्या कटकटी झाल्या, चुकाही झाल्या. पण तिथे एखादी म्हातारी आरोग्य केंद्राबद्दल विचारते तेव्हा समोरच्या माणसाच्या हातात निदान काहीतरी असते. तो खरोखर दोषी असू शकतो.

दोषी असता येणे, हा मला अधिकाराचा गाभा वाटतो. आमच्या सरपंचबाईंना तेवढेही मिळालेले नाही. त्यांनी चूक कबूल केली ती उधार घेतलेली चूक होती, दुसऱ्या कोणाची तरी. त्यांनी ती घेतली नसती तर त्या पडवीत म्हातारीचा प्रश्न तसाच हवेत राहिला असता, आणि प्रश्न हवेत राहिला की लोक पुढच्या सभेला येत नाहीत. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते. तरी ही व्यवस्था एका बाईच्या चांगुलपणावर किती वर्षे चालवायची? आणि पुढच्या सरपंचाने खांदे उडवून "ते वरच्यांचं काम" म्हटले, तर त्याला आपण खोटे कसे म्हणणार?

त्या दिवशी चौथा ठराव झाला. मजकूर तिसऱ्याचाच, तारीख बदललेली. सूचक कोण, असे ग्रामसेवकांनी विचारले तेव्हा म्हातारी म्हणाली, माझं लिहा. त्यांनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. तिने ती बाजूला सारली आणि पेन मागितले. सही करायला तिला बराच वेळ लागला. तोवर कोणी उठले नाही.