तिसऱ्या दिवसाची कुदळ

पाहुण्याने किती दिवस पाहुणा राहावे, या प्रश्नाचे उत्तर स्वाहिली भाषेने एका म्हणीत दिले आहे: ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या ताटू म्पे जेम्बे.’ दोन दिवस पाहुणचार करा, तिसऱ्या दिवशी पाहुण्याच्या हाती कुदळ द्या. तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलवणाऱ्याची अक्कल काढणारी म्हण आपल्याकडेही आहे. पण ती त्याला हसून मोकळी होते. स्वाहिली म्हण त्याला शेतावर नेते. शिवाय ‘म्गेनी’ या एकाच शब्दात पाहुणा आणि परका असे दोन्ही अर्थ सामावले आहेत.

२०१४ ते २०१७ ही तीन वर्षे नोकरीच्या निमित्ताने आम्ही उभयता व आमची दोन मुले टांझानियातील दार-एस-सलाम या बंदरशहरात राहिलो. समुद्रकाठ, नारळ, काजू, आंबा, मार्च ते मे या काळात कोसळणारा ‘मासिका’ पाऊस. परके वाटावे असे फार थोडे होते. तेथे दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’ आणि रिक्षाला तर चक्क ‘बजाजी’ म्हणतात! गोरखचिंचेचे अजस्र वृक्षही ओळखीचे निघाले. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. आपल्या किनाऱ्यावर तो शतकांपूर्वी आला, रुजला, आणि आज त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही.

माणसाचे तसे होत नाही. आमच्यासारखी परदेशी कुटुंबे बहुधा एकच उत्तर देत: ‘आम्ही घरभाडे भरतो, नोकरांना पगार देतो, कर चुकवीत नाही, मग देणे उरले कोठे?’ हे उत्तर अप्रामाणिक नाही. पण ते गिऱ्हाइकाचे उत्तर आहे, पाहुण्याचे नव्हे.

परक्याशी कसे वागावे याविषयी जुन्या करारात यजमानाला स्पष्ट आज्ञा आहेत. पाहुण्याला कोणती आज्ञा आहे? ती लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सापडते. शिष्यांना गावोगाव धाडताना प्रभू येशू त्यांना सांगतो, की एकाच घरी राहा, घरे बदलीत फिरू नका आणि पुढे वाढतील ते खा. आम्ही हे अक्षरशः पाळू पाहिले. मक्याच्या पिठाची ‘उगाली’ मुलांना आठवड्यात आवडली. आम्हां मोठ्यांना वर्ष लागले.

पण कुदळीचे काय? दार-एस-सलामच्या उत्तरेला बागामोयो हे गाव आहे. तेथे १८६८ साली होली घोस्ट संघाच्या धर्मगुरूंनी मिशन स्थापिले, गुलामांना मोल देऊन सोडविले आणि त्यांची वस्ती वसविली. तेथील दफनभूमीत तरुण वयात तापाने गेलेल्या मिशनऱ्यांच्या कबरी पाहताना आमचे मन भरून आले. तथापि मिशनच्या नारळबागांतून राबणारे हात पुष्कळसे त्या मुक्त गुलामांचेच होते, हेही विसरता येत नाही. कुदळ हाती घेणे वेगळे, ती दुसऱ्याच्या हाती देणे वेगळे. चांगल्या हेतूचा पाहुणाही ही दोन कामे किती सहज एक करून टाकतो!

आमच्या घरातली कुदळ दादाच्या हाती होती. घरकाम करणाऱ्या मुलीला तेथे ‘दादा’ म्हणजे बहीण म्हणतात. मराठी कानाला प्रथम गंमत वाटते, मग वाटेनाशी होते. ही दादा सुमारे ५०० किलोमीटर आत असलेल्या इरिंगाकडच्या डोंगराळ मुलखातून आली होती. तिची सात वर्षांची मुलगी गावी आजीजवळ असे. तेथील कायद्याने वर्षाला २८ दिवसांची पगारी रजा मिळते. ती ती घेई. नातेवाइकांच्या रगाड्यातून सुटल्यामुळे आम्ही चौघे त्या तीन वर्षांत जितके जवळ आलो तितके मायदेशी कधी आलो नव्हतो. संध्याकाळी मुलांना घेऊन समुद्रावर बसणे आम्हांला परवडे, कारण एका आईची संध्याकाळ आमच्या स्वयंपाकघरात जात असे. याचा मोबदला पगारात धरलेला नसतो. तो कशात धरावा? जव्हार-मोखाड्याहून आपल्या घरी कामाला येणाऱ्या मुलींचा विचार करतानाही हा प्रश्न पडावा. त्यासाठी आफ्रिकेला जाण्याची गरज नाही.

सौजन्य हा मोबदला होईल काय? आमची मुले वृद्ध पहारेकऱ्याला ‘शिकामो’ म्हणत. लहानांनी थोरांना करावयाचे हे वंदन. ‘तुमचे पाय धरतो’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. पहारेकरी बसल्या जागेवरून ‘मराहाबा’ म्हणे. शेजारच्या एका परदेशी गृहस्थांना यात शिस्त बिघडताना दिसे. आम्हांला तेच यथायोग्य वाटे. पण पगाराच्या दिवशी तो उठून उभा राही, आणि आमच्या मुलांच्या ‘शिकामो’ने ते उभे राहणे काही थांबले नाही.

दादाच्या मुलीने जून व डिसेंबरच्या सुट्यांत आमच्याकडे येऊन राहावे असे आम्ही ठरविले, बसभाडे आमचे. पहिल्या खेपेस ती दाराबाहेर थांबली आणि रीतीप्रमाणे ‘होदी’ म्हणाली. परक्या घरात शिरण्याची परवानगी मागणारा हा शब्द. आतून आमचा धाकटा मोठ्या हौसेने ‘करिबू’ म्हणाला: या, आत या. देश तिचा, उंबरठा तिच्या आईने नुकताच झाडलेला, आणि आत येण्याची मुभा देणारे आम्ही. दादा काही बोलली नाही. तिने लेकीच्या हातातली मक्याच्या पिठाची पिशवी घेतली. ते पीठ आजीने आमच्यासाठी पाठविले होते.